एका नंबरवरची दोन नावं

अन्याय झाला तो एका बाईवर. वाळूजच्या एका कारखान्यात नऊ वर्षं पॅकिंगला असलेली, कंत्राटी. झाला गेल्या ऑक्टोबरात, दुसऱ्या गुरुवारी, सकाळी सव्वाअकराला, रांजणगावात पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत, आमच्या संघटनेच्या टेबलासमोर. करणारी मी. "तुमची नोंद नाही, मावशी," हे मी तिच्या तोंडावर सांगितलं, आणि मला स्क्रीनवर तसं दाखवणारं पानही मीच लिहिलेलं होतं.

हे आधीच सांगून टाकते. आमच्या पत्रकांत दोषी कोण ते आम्ही पहिल्या ओळीत लिहितो. इतकी वर्षं त्या ओळीत दुसरं कुणीतरी असायचं, म्हणून ती लिहायला सोपी जायची.

त्या आठवड्यात कारखान्याला मजूर पुरवणारा कंत्राटदार बदलत होता. नवा आला की तो आपली माणसं घेऊन येतो, ही इकडची रीत. जुन्यांना गेटवर "उद्यापासून नको" एवढंच ऐकायला मिळतं. यावेळी आम्ही महिनाभर भांडून नव्याकडून लेखी घेतलं होतं की संघटनेनं तपासून दिलेल्या यादीत ज्याचं नाव असेल त्याला तो आहे त्याच जागी ठेवील. यादी द्यायची शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नवी नावं घ्यायची नाहीत, उन्हाळ्यात नोंदलेलीच, अशी त्याची अट होती. ती आम्हीही मान्य केली, कारण नाहीतर शेवटच्या दिवशी कुणीही येऊन बसलं असतं.

म्हणून बुधवारपासून ज्यानं-त्यानं टेबलावर यायचं, मोबाईल नंबर सांगायचा, स्क्रीनवर आपलं नाव आलेलं पाहायचं, गेटपास दाखवायचा आणि सही करून जायचं. सही झाली की काम पक्कं. स्क्रीनवर नाव आलं नाही तर सही करायला जागाच नाही. नावानं शोधायची सोय मी ठेवली नव्हती. एकाच नावाच्या चार-चार बायका असतात, शिवाय कोण कसं लिहील याचा नेम नाही. नंबर कसा, पक्का असतो, असं मला वाटत होतं.

ती आली तेव्हा रांगेत तीस-एक माणसं असतील. तिची दुसरी शिफ्ट होती, बस पकडायच्या आधी सही करून जाऊ असा तिचा हिशेब. तिनं नंबर सांगितला. मी टाकला. स्क्रीनवर एक नाव आलं, पुरुषाचं.

"हे तुमचे मिस्टर का?"

"व्हय. त्यांनी काल सही केली."

पानावर विचारलेलं होतं, हीच व्यक्ती का? खाली दोन बटणं, हो आणि नाही. मी "नाही"चं बटण दाबलं. लाल ठळक अक्षरांत आलं: नोंद नाही.

मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, असं कसं, तुम्हीच लिहून घेतलंय, माझ्या दारात बसून, चहा घेतला होता. मी म्हटलं, मावशी, स्क्रीनवर नाही. तिनं मान वाकडी करून स्क्रीनकडं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"नंबर माझा हाय, ताई. फोन माझ्या नावावर घेतलाय. ते निस्ते वापरत्यात. आन तुमच्या मशीनला बी नवराच दिसतो व्हय?"

रांगेतले हसले. मागून कुणीतरी म्हणालं की शेवटच्या दिवसांत खोटी नावं घुसवायला माणसं येतातच. ते मला ऐकू आलं. मी ते खोडून काढलं नाही, कारण मलाही तेच वाटून गेलं होतं. गेटपास, जुनी स्लिप, काही असेल तर घेऊन या, पाहू, असं म्हणून मी पुढचा नंबर घेतला. ती जिना उतरून गेली. बाचाबाची नाही, रडणं नाही. पदर घट्ट खोचला आणि गेली.

दुपारपर्यंत अशा आणखी चार आल्या. कुणाच्या नंबरवर नवरा आला, एकीच्या दीर, एकीच्या मुलगा. पाचही बायकाच.

आता इथं माझं शिक्षण आड आलं. मी कॉलेजात बीएस्सी कंप्युटर सायन्स केलं, पण लिहायला शिकले ते पत्रकांवर. शहरात गुलमंडीच्या एका बोळात आमचा प्रेसवाला आहे, साठी उलटलेला. एकोणीस वर्षांची असताना मी त्याच्याकडं चार पानांचं पत्रक घेऊन गेले होते. त्यानं ते हातात तोलून परत दिलं. एका कागदाच्या एका बाजूला मावलं पाहिजे, म्हणाला. मागणी, पुरावा, दोषी कोण, सभा कुठं, सगळं एका नजरेत. कागद पलटायला लावला की वाचणारा गेला. मी ते मनावर घेतलं. लई मनावर घेतलं, असं आता वाटतं.

त्यामुळं पाच बायका एकसारखी तक्रार घेऊन आल्या, तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा मथळा आला. बायकांची नावं कुणी गाळली? उत्तरही तयार होतं. नोंदी आम्ही जुन्या कंत्राटदाराच्या हजेरीशी ताडून पक्क्या केल्या होत्या. जाता जाता त्यानं हजेरीतून बायका उडवल्या, हे माझ्या मनात एका क्षणात जुळलं. असं त्यानं पूर्वी केलेलंही होतं, त्यामुळं संशय घ्यायला कष्ट पडले नाहीत. टेबल दुसऱ्याकडं देऊन मी कोपऱ्यात बसले आणि तासाभरात पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं होतं. चार वाजता मी गुलमंडीत होते. शुक्रवारी सकाळी छापायला घेतो, असं प्रेसवाल्यानं सांगितलं. एक कच्ची प्रत घेऊन मी घरी आले.

माझे वडील एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममधून निवृत्त झालेले. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी. माझी मोर्चे-पत्रकं त्यांना फारशी आवडत नाहीत, पण शुद्धलेखन तपासायला ते सोडत नाहीत. संध्याकाळच्या चहाला त्यांनी ती प्रत वाचली, दोन ठिकाणी पेन्सिल टेकवली आणि विचारलं की ही नावं दफ्तरात नाहीत हे कुणी पाहिलं.

मी म्हटलं, मी. स्क्रीनवर.

"स्क्रीनवर नव्हे गं. दफ्तरात. आत जाऊन कुणी पाहिलं?"

मी जरा चिडून सांगितलं की बाबा, स्क्रीन दफ्तरातलंच दाखवते. ते हसले नाहीत. त्यांनी बशी बाजूला सारली आणि मला त्यांच्या कचेरीतली एक गोष्ट सांगितली. ती मी लहानपणापासून कितीदा ऐकली असेल, कधी लक्ष दिलं नव्हतं.

त्यांच्याकडं जुने कागद लाल कापडात बांधून ठेवलेले असत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात. निजामाच्या वेळचेही होते. समोर खिडकी. लोक खिडकीवर येणार, अमुक गावचा अमुक कागद हवा म्हणून चिठ्ठी देणार. सुरुवातीला खिडकीवर बसणारे तिघं होते आणि घाई असली की तिघंही स्वतः उठून कपाटाकडं जायचे. प्रत्येकाची शोधायची तऱ्हा वेगळी. एक गावावरून शोधी, एक सालावरून, एक वरचा रुमाल उचलून त्यात नसलं की नाही म्हणून येई. त्यामुळं एकाच कागदासाठी एका खिडकीवर "आहे" आणि दुसऱ्या खिडकीवर "नाही" असं व्हायचं. शहाणे लोक तिन्ही खिडक्या फिरायचे. साधे परत जायचे. मग एक साहेब आले आणि त्यांनी नियम केला.

"खिडकीवाल्यानं कपाटात हात घालायचा नाही," वडील म्हणाले. "चिठ्ठी आत द्यायची. आत एकच माणूस. फेरिस्त, म्हणजे सगळ्या कागदांची यादी, त्याच्याकडं, किल्ली त्याच्याकडं. खिडकीवाल्यानं गोड बोलायचं, कागद नीट धरायचा, सही घ्यायची. बस. तुझ्या त्या यंत्रात आत माणूस कोण आहे?"

आत माणूस नव्हताच. तीन खिडक्या होत्या आणि तिन्हींचे हात कपाटात.

संघटनेसाठी मी ते अ‍ॅप केलं तेव्हा त्यात तीन पानं होती. एक घरोघरी जाऊन नोंद करायचं, एक टेबलावर तपासायचं, एक यादी छापायचं. नोंदी एका डेटाबेसमध्ये, म्हणजे सगळ्यांची नावं साठवलेल्या एकाच कोठारात. पण त्या कोठाराला काय विचारायचं आणि कसं, हे मी प्रत्येक पानात वेगवेगळं लिहिलं होतं. वर शोधायचा कोड, लगेच खाली रंग, बटणं, लाल अक्षरं. एका फाइलीत अख्खं पान. एका नजरेत सगळं. पत्रकासारखं. मला त्याचा अभिमान होता. इंजिनिअर पोरं उगाच दहा फोल्डर करून बसतात, मी एका कागदात भागवते, असं मी चारचौघांत बोललेलीही आहे.

उन्हाळ्यात रांजणगावात नोंदणी करताना पहिल्याच आठवड्यात घोळ झाला होता. एका घरात एकच फोन. नवऱ्याची नोंद झाल्यावर त्याच नंबरनं बायकोची करायला गेलं की पान म्हणे, हा नंबर आधीच आहे. मी त्याच दुपारी, एका ओट्यावर बसून, नोंदणीच्या पानात दुरुस्ती केली की एका नंबरवर कितीही माणसं चालतील. नोंदणी सुरळीत झाली. झालं काम, असं मी समजले. उरलेल्या दोन पानांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत लिहिलेला होता, हे डोक्यातच नाही आलं. तपासणीचं पान अजून म्हणत होतं, या नंबरची पहिली नोंद दे. पहिली म्हणजे आधी लिहिलेली. आणि आधी कुणाची लिहिलेली असणार? दार वाजलं की पुरुष पुढं येतो. आम्ही, समतेची पत्रकं वाटणारे, त्याचं आधी लिहितो आणि मग विचारतो, घरातून आणखी कुणी कामाला?

चहाचा कप तसाच ठेवून मी लॅपटॉप उघडला. पानांना वगळून थेट डेटाबेसला विचारलं की त्या नंबरवर कोण कोण आहे. दोन नावं आली. दुसरं तिचं. विभाग पॅकिंग, गेटपास नंबर, नोंद करणारी मी. बाकीच्या चौघींचंही तेच. हजेरीशी ताडून पक्की केल्याची खूण पाचही नावांपुढं होती. कंत्राटदारानं काही गाळलं नव्हतं. लाल अक्षरातलं ते "नोंद नाही" डेटाबेसनं म्हटलेलंच नव्हतं. पानानं एक माणूस पाहिला आणि सगळ्या दफ्तराच्या वतीनं नाही म्हणून मोकळं झालं.

संघटनेत एक जुने कार्यकर्ते आहेत, लेथवर आयुष्य काढलेले, त्यांना सगळे मामा म्हणतात. मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले की रड-बिड करू नको, पान नीट कर, आणि प्रेसवाल्याला थांबव.

प्रेसवाल्याचा फोन लागला तो शुक्रवारी सकाळीच. तोवर त्याचं मशीन सुरू झालेलं. आधे छप गये मॅडम, म्हणाला.

शुक्रवारी मी घराबाहेर पडले नाही. काय केलं ते साध्या शब्दांत सांगते, कारण अशी चूक करणारी मी एकटी नाही. तिन्ही पानांतून डेटाबेसला विचारायचे सगळे प्रश्न उपटून काढले. त्यांच्यासाठी एक वेगळी फाइल केली. डेटाबेसशी बोलायचं ते फक्त तिनं. पानांना आता एवढंच म्हणता येतं: या नंबरवरची माणसं दे. ही सही नोंदव. पक्की यादी दे. आतमध्ये ती कशी शोधायची, एक असली तर काय आणि चार असली तर काय, हे पानाला ठाऊकच नसतं. पानाकडं दाखवायचं काम उरलं. आणि उद्या शोधायची रीत बदलायची झाली तर ती एका जागी बदलते आणि तिन्ही पानांना लागू होते. ओट्यावर बसून केलेली दुरुस्ती तेव्हाच अशा जागी केली असती, तर गुरुवार झाला नसता.

उपटताना आणखी दोन गोष्टी सापडल्या. छपाईचं पान एका नंबरला एकच ओळ देत होतं. म्हणजे टेबलावर कशीबशी सही झाली असती, तरी शनिवारच्या यादीत ती बाई पुन्हा गेलीच असती. आणि इंटरनेट तुटलं तरी तपासणीचं पान तेच लाल वाक्य दाखवत होतं. मला विचारता आलं नाही आणि मला सापडलं नाही, या दोन गोष्टी मी एकाच वाक्यात बसवल्या होत्या, कारण जागा वाचत होती. आता आतली फाइल त्या वेगळ्या सांगते आणि पानाला तसं लिहावं लागतं.

दुपारी एकला तिचा नंबर टाकून पाहिला. तिन्ही पानांवर दोन नावं. मग फोन करायला घेतले.

तिच्या नंबरवर अर्थातच नवरा. मी कोण, काय, सगळं सांगून झाल्यावर तो म्हणाला की आता काय उपयोग, ती तर गेली. कुठं गेली, तर वेरूळला, बहिणीकडं. लेण्यांजवळच्या एका खानावळीत भाकरी करायला बाई पाहिजे होती. यादीत नाव नाही म्हटल्यावर तिनं शुक्रवारच्या शिफ्टचीही वाट पाहिली नाही, सकाळच्या गाडीनंच निघाली. मी म्हटलं, तिला फोन करून बोलवा ना.

"फोन तर माझ्यापाशी हाय की," तो म्हणाला. मग त्यालाच त्याचं वाईट वाटलं असावं, बहिणीच्या घराची खूण त्यानं दोनदा नीट सांगितली.

बाकीच्या चौघींपैकी तिघी फोनवर भेटल्या आणि संध्याकाळी येऊन सही करून गेल्या. चौथीच्या नंबरवर मुलगा असायचा, त्याचा फोन बंद. मामा तिच्या खोलीवर जाऊन आले. कुलूप.

पत्रकाचं काय करायचं ते मामांनीच ठरवलं. छापलेली अर्धी फेकायची नाहीत. पुढच्या बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत काट, आणि मागच्या कोऱ्या बाजूला नवा मजकूर. चूक आमची आहे. ज्या बायकांना नोंद नाही म्हणून परत पाठवलं त्यांनी शनिवारी पाचच्या आत यावं. तुमची नावं आहेत. मी सहा ओळींत लिहून पाठवलं. कागद पलटायला लावायचा नाही हा नियम ज्यानं शिकवला त्याच्याकडूनच ते छापून घेतलं. "अपनेच खिलाफ परचा," तो म्हणाला, "पैली बार छाप रा मैं." शनिवारी पहिल्या शिफ्टच्या बसेस गेटवर लागल्या तेव्हापासून मामांची माणसं ते वाटत होती.

मी आणि मामा नऊच्या सुमारास साजापूरवरून शरणापूरच्या रस्त्याला लागलो. स्कूटी माझी, मागं मामा. दौलताबादच्या घाटात ते मला सारखं सांगत होते की कड सोड, मी अजून जिवंतांच्या यादीत आहे. वेरूळला पोचायला साडेदहा झाले.

खानावळ सापडली. सहलीच्या बसेस लागलेल्या, पोरांचा गोंधळ. ती मागच्या बाजूला चुलीपुढं होती. आम्हाला पाहून उठली नाही, भाकरी थापत राहिली. मी शेजारी उकिडवी बसले आणि सांगितलं की तुमचं नाव होतं, पहिल्यापासून होतं, शोधण्यात चूक माझी. तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं.

"आता दिसतंय, का तुमी आल्या म्हणून दिसतंय?"

मी मोबाईलवर पान उघडून तिच्या हातात दिलं. नंबर तूच टाक, असं मामांनी तिला सांगितलं. तिनं पिठाची बोटं पदराला पुसली आणि एक-एक आकडा दाबला. दोन नावं आली. ती वाचत होती, ओठ हलवत. खालच्या नावावर बोट ठेवून तिनं ते दोनदा वाचलं.

मला वाटलं आता उठेल. ती म्हणाली की येते, पण एका अटीवर. गुरुवारी रांगेतल्या माणसांनी तिला खोटी म्हटलं होतं. त्यातले निम्मे तिच्या गल्लीतले. बसमध्ये कुणीतरी तेच पुन्हा बोललं होतं, म्हणून तर ती शिफ्टलाही थांबली नाही. काम गेल्याचं तिला नवं नव्हतं. खोटी म्हटलेलं तिला लागलं होतं.

"तिथंच, त्या टेबलापाशी, मोठ्यानं सांगायचं. ही खरं बोलत होती म्हणून. पत्रकात लिवलंय ते मला नगं सांगू. गल्लीतले वाचत्यात व्हय पत्रक?"

पत्रकांवर वाढलेल्या माणसाला हे ऐकायला बरं वाटत नाही. मी हो म्हटलं.

खानावळवालीला तिनं दिवाळीपर्यंत शब्द दिला होता. तिथं तिनं बहिणीला बसवलं, बरीच बोलाचाली झाली, दुपारचा एक वाजून गेला. येताना स्कूटीवर माझ्यामागं ती. मामा म्हणाले, मी बसनं येतो, मला जगायचं आहे.

तीनला खोलीवर पोचलो. शेवटचा दिवस, जिन्यापर्यंत रांग. मी टेबलावर उभी राहिले नाही, तेवढं नाटक मला जमलं नाही. पण सभेत बोलते त्या आवाजात सांगितलं की गुरुवारी या बाईला नोंद नाही म्हणून मी परत पाठवलं, ती खरं बोलत होती, नोंद होती, माझं पान चुकीचं होतं. रांगेत कुणी हसलं नाही. कुणी माफी मागितली असंही नाही. एका म्हाताऱ्यानं तिला पुढं घेतलं, एवढं झालं.

तिनं नंबर सांगितला, मी टाकला. नवरा वर, ती खाली. तिनं स्क्रीनकडं पाहिलं आणि पेन हातात घेतलं नाही.

"यांचं वर कशापायी? फोन माझा."

मी म्हटलं, नोंदीच्या क्रमानं आहे, त्यांची आधी झाली. ती स्क्रीनवरून नजर काढेना. मागं रांग होती. मी त्याच खुर्चीत बसून तपासणीच्या पानात एक ओळ बदलली: ज्याची सही बाकी, ते नाव आधी दाखव. आतल्या फाइलीला हात लावावा लागला नाही, नोंदी जागच्या हलल्या नाहीत, फक्त मांडणी बदलली. दोन मिनिटं लागली. शुक्रवारच्या आधी असल्या बदलाला मी घाबरले असते, कारण मांडणीला हात लावला की शोधणंही हलायचं. पान पुन्हा उघडलं. तिचं नाव वर आलं. तिनं सही केली, सावकाश, अख्खं नाव लिहून.

ती अजून पॅकिंगलाच आहे. परवा गेटवर दिसली, घाईत होती, नुसता हात केला.

पाचवी, जिच्या नंबरवर मुलगा होता ती, आली नाही. तिच्या खोलीला शनिवारीही कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, गुरुवारी दुपारी आली, सामान बांधलं, मुलगा इथलं काम सोडून पुण्याला गेलाय, त्याच्याकडं जाते म्हणाली. पत्ता कुणाकडं नाही. पाचला आम्ही यादी दिली. नव्या कंत्राटदाराच्या माणसानं घड्याळ पाहिलं आणि ती घेतली. मी एका नावासाठी सोमवारपर्यंत मुदत मागितली. अट तुम्हीच मान्य केली होती, म्हणाला. खरं होतं. तिचं नाव आजही आमच्या डेटाबेसमध्ये आहे, हजेरीशी ताडलेलं, पक्कं, सही बाकी. तपासणीच्या पानावर तो नंबर टाकला की आता तेही दिसतं.

ती परत गेली कारण मी नाही म्हटलं आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी पानावर ठेवला. वर्षानुवर्षं राबलेल्या बाईला घरी पाठवायला एवढं पुरलं.

तुम्ही असली पानं लिहीत असाल, मग ती बँकेची असोत, दवाखान्याची किंवा गल्लीतल्या मंडळाची, तर आज एक पान उघडा आणि त्यात डेटाबेसला थेट विचारलेला प्रश्न सापडला तर तो तिथून काढा, आतल्या एका जागी ठेवा. पुढच्या आठवड्यात नको. आज. आणि तुम्ही पानं लिहीत नसाल, टेबलावर नुसते बसत असाल, तर समोरच्या माणसाला "तुमचं नाव नाही" म्हणण्याआधी खुर्चीतून उठा, जो आत पाहू शकतो त्याला पाहायला लावा, आणि तोवर त्या माणसाला जिना उतरू देऊ नका.